पहिलं द्विशतक आणि माझी वही



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधे डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे सौ.ने कॉम्प्युटरला हात लावू दिला नव्हता. आता परवानगी मिळाली आहे. आज जे लिहिणार आहे ते खरं तर फार पूर्वीच लिहायला हवं होतं. विषय क्रिकेटचा आहे, पण ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांनीही (विशेषतः आमच्या वहिनींनी) शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

माझ्याकडे एक वही आहे हे नातेवाइकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. लांबोडकी, जाड पुठ्ठ्याची, जमाखर्चाला वापरतात तशी. १९७५ च्या जून महिन्यात मी शाळेत नवा नवा लागलो होतो. इतिहास आणि मराठी हे विषय. मुलांना सनावळ्या पाठ करायला लावायचो, आणि स्वतःलाही तोच नाद. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये पुरुषांची पहिली विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि वहीत पहिली ओळ लिहिली:

ग्लेन टर्नर, न्यूझीलंड, नाबाद १७१, वि. पूर्व आफ्रिका, एजबॅस्टन, ७ जून १९७५.

एकदिवसीय सामन्यात एका माणसाने केलेल्या सर्वांत जास्त धावा! तेव्हा डाव साठ षटकांचा असे आणि टर्नर ती साठही षटकं खेळून नाबाद परत आला होता. गंमत म्हणजे त्याच दिवशी लॉर्ड्सवर आपल्या सुनील गावसकरने १७४ चेंडू खेळून नाबाद ३६ केल्या. पूर्ण डावात एक चौकार. इंग्लंडच्या ३३४ होत्या आणि आपण साठ षटकांत तीन बाद १३२ वर थांबलो. मी ही नोंद टर्नरच्या ओळीशेजारी समासात केली. एकाच दिवशी, एकाच स्पर्धेत, एकाने उंची दाखवली आणि एकाने खोली!

तेव्हापासून वहीचा नियम ठरला. मोठा विक्रम मोडला की नवी ओळ लिहायची. जुनी ओळ खोडायची नाही, तिच्यापुढे फक्त लाल शाईची बारीक खूण करायची. आणि त्या डावात ज्याचं नाव मागे पडेल असं वाटतं, त्याला समासात जागा द्यायची. पुढे एका जुन्या मासिकात मागची माहिती मिळाली, तीही वरच्या मोकळ्या जागेत भरून टाकली. ५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला पहिला एकदिवसीय सामना झाला. तिथला कसोटी सामना पावसात वाहून गेला म्हणून हा भरवला होता, आठ-आठ चेंडूंची चाळीस षटकं. त्यात इंग्लंडच्या जॉन एडरिचने ८२ केल्या. म्हणजे पहिला विक्रम ८२ चा. पुढच्याच वर्षी डेनिस एमिसने १०३ केल्या, ते पहिलं शतक.

टर्नरची ओळ आठ वर्षं तशीच राहिली. १९८३ च्या जूनमध्ये रेडिओवर बातमी ऐकली, की टनब्रिज वेल्स नावाच्या गावी कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या. तारीख १८ जून. आपले पाच गडी १७ धावांत गेले होते. १३८ चेंडूंत १६ चौकार आणि ६ षटकार. या डावाचं चित्रीकरण उपलब्ध नाही हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सांगणाऱ्यांनी सांगितला आणि धावफलकात उरला, एवढाच तो डाव. माझ्या वहीत समासात मात्र लिहिलं आहे: "किरमाणी नाबाद २४." नवव्या गड्यासाठी दोघांनी १२६ धावा जोडल्या. किरमाणी टिकला नसता तर कपिलची ओळ माझ्या वहीत आलीच नसती.

वर्षभरात तीही मोडली. ३१ मे १९८४, ओल्ड ट्रॅफर्ड, व्हिव्ह रिचर्ड्स नाबाद १८९, इंग्लंडविरुद्ध. वेस्ट इंडीजचे नऊ गडी १६६ वर बाद झाले होते. शेवटच्या जोडीने आणखी १०६ धावा केल्या. समासात: "मायकेल होल्डिंग नाबाद १२." एकशे सहा धावांच्या भागीदारीत बारा धावा! वर्गात मी हे उदाहरण देत असे. मुलांनो, इतिहासात बाजीप्रभू असतात तसे क्रिकेटमध्येही असतात. मुलं हसत, पण लक्षात ठेवत.

मग मे १९९७. सुट्टीचे दिवस होते, घरी टीव्ही आला होता. चेन्नईला पाकिस्तानच्या सईद अन्वरने आपल्याविरुद्ध १४६ चेंडूंत १९४ केल्या. त्यांपैकी पुष्कळशा त्याच्यासाठी शाहिद आफ्रिदी पळाला. तेव्हा रनर घेता येत असे, २०११ पासून ती सोय बंद झाली. अन्वर अखेर बाद झाला तो गांगुलीने घेतलेल्या झेलावर आणि गोलंदाज होता सचिन तेंडुलकर. दोनशेला सहा कमी असताना सचिनने त्याला थांबवलं, ही नोंद मी समासात आवडीने केली आहे. त्या दिवशी राहुल द्रविडने केलेलं शतक आपल्याला जिंकून देऊ शकलं नाही, तीही नोंद आहे. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये झिम्बाब्वेच्या चार्ल्स कोव्हेन्ट्रीने बुलावायोला नाबाद १९४ करून बरोबरी केली आणि त्याचा संघ तरीही हरला. बिचारा!

आणि मग २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर. मी आदल्याच वर्षी निवृत्त झालो होतो. आमच्या गल्लीतल्या सहा-सात घरांतली माणसं आमच्याकडे जमली होती, कारण आमचा टीव्ही मोठा. शेवटच्या षटकांत धोनी फटके मारत होता आणि लोक त्याच्यावर चिडत होते, "अरे, त्याला खेळायला दे!" पन्नासाव्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर सचिनने पॉइंटकडे चेंडू ढकलून एक धाव घेतली. १४७ चेंडू, नाबाद २००. सौ.ने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. शेजारचे अण्णा रडले. मी वही काढली, नवं पेन घेतलं आणि ओळ लिहिली. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहून ती दोनदा अधोरेखित केली:

एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक.

मंडळी, आजचा लेख या अधोरेखित ओळीबद्दल आहे.

पुढच्या वर्षी, २०११ च्या जानेवारीत, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रश्नमंजूषा घ्यायला मला बोलावलं होतं. निवृत्त मास्तरांना अशी आमंत्रणं येतात आणि आम्हालाही ती हवीच असतात. प्रश्न मीच काढले होते. शेवटची फेरी हात वर करण्याची, बरोबर उत्तराला दहा गुण. दोन गटांत पाच गुणांचा फरक होता. मी विचारलं, "एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कोणी केलं?" सोपा प्रश्न मुद्दामच ठेवला होता, शेवट टाळ्यांनी व्हावा म्हणून.

मागे असलेल्या गटातल्या नववीतल्या एका मुलीने सर्वांत आधी हात वर केला. उभी राहिली आणि म्हणाली, "बेलिंडा क्लार्क."

सभागृहात हशा पिकला. पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "ऑफिसातले क्लार्क का गं?" आणखी हशा. मीही हसलो. हे लिहिताना बोटं अडखळतात, पण मीही हसलो. म्हटलं, "चूक." प्रश्न दुसऱ्या गटाकडे गेला, त्यांनी एका सुरात "सचिन तेंडुलकर" म्हटलं, टाळ्या पडल्या, दहा गुण त्यांना आणि ढालही त्यांना.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी ती मुलगी माझ्याकडे आली. हातात शंभर पानी वही. म्हणाली, "सर, माझ्या मामांनी ती मॅच पाहिलीय. मुंबईला. मी वहीत लिहिलंय सगळं." ती वही उघडू लागली. मला परतीची एसटी गाठायची होती. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "बाळ, ऐकीव गोष्टींवर जाऊ नये. पुरावा लागतो." आणि तिच्या डोक्यावर थोपटलं. तिने वही मिटली.

चौतीस वर्षं मी इतिहास शिकवला. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष म्हणजे पहिल्या दर्जाचं साधन, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि इथे एक मुलगी प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष लेखी घेऊन उभी होती, आणि मी, ज्याची सगळी वही वर्तमानपत्रं, रेडिओ आणि टीव्हीवरून भरलेली, मी तिला पुरावा मागत होतो.

अर्थात हे शहाणपण नंतरचं. त्या दिवशी मी एसटीत निवांत झोपलो.

वहीतल्या ओळी पुढे भराभर वाढल्या. डिसेंबर २०११ मध्ये इंदूरला सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ केल्या. १३ नोव्हेंबर २०१४ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्ध १७३ चेंडूंत २६४. श्रीलंकेचा अख्खा संघ २५१ वर बाद झाला, म्हणजे एकट्या रोहितपेक्षा तेरा कमी! समासात: "रोहित ४ वर असताना झेल सुटला." तो सोडणारा तिसारा परेरा त्या रात्री झोपला असेल का, असा विचार मनात आला होता. २०१५ च्या विश्वचषकात गेलच्या २१५ आणि गप्टिलच्या नाबाद २३७ आल्या. रोहितची ओळ मात्र हे लिहीपर्यंत कोणी ओलांडलेली नाही.

पूर्वी चाळीस वर्षांत एक द्विशतक झालं आणि मग पाच वर्षांत इतकी, असं का, हे नातवंडं विचारतात. एक तर २०११ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा चेंडू वापरायला लागले, त्यामुळे चेंडू जुना आणि मऊ होईना. दुसरं म्हणजे २०१२ मध्ये नियम आला की वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवायचे (शेवटच्या दहा षटकांसाठी पाचवा परत मिळाला तो २०१५ मध्ये). शिवाय बॅटी जाड झाल्या आणि वीस षटकांच्या सामन्यांनी फलंदाजांची भीड चेपली. पण बघा, "चाळीस वर्षांत एक" हे वाक्यसुद्धा मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत होतो. चूकच सांगत होतो.

ते कळलं १४ किंवा १५ जून २०१८ ला. तारीख नेमकी आठवत नाही, याचंही नवल वाटतं. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी होती. न्यूझीलंडच्या अमेलिया कर या सतरा वर्षांच्या मुलीने डब्लिनला आयर्लंडविरुद्ध नाबाद २३२ धावा केल्या. त्याच सामन्यात तिने पाच गडीही बाद केले. आणि खाली एक वाक्य: तिने ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कचा नाबाद २२९ धावांचा विक्रम मोडला, जो १९९७ मध्ये मुंबईत झाला होता.

मी चहाचा कप खाली ठेवला. "ऑफिसातले क्लार्क का गं?" हे सात वर्षांपूर्वीचं वाक्य आणि तो हशा जसाच्या तसा कानात आला. मुलाकडून इंटरनेटवर शोधून घेतलं. १६ डिसेंबर १९९७, महिलांची विश्वचषक स्पर्धा, ऑस्ट्रेलिया विरुद्ध डेन्मार्क. बेलिंडा क्लार्क कर्णधार. १५५ चेंडू, २२ चौकार, नाबाद २२९. ऑस्ट्रेलिया तीन बाद ४१२, डेन्मार्क सर्वबाद ४९. मैदान बांद्रा पूर्वेचं, एमआयजी क्लबचं. सचिन ज्या साहित्य सहवास वसाहतीत लहानाचा मोठा झाला, ती तिथून फार लांब नाही. म्हणजे ग्वाल्हेरच्या बारा वर्षं आधी, सचिनच्या बालपणीच्या घराच्या परिसरात, एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक होऊन गेलं होतं.

मी काय केलं असेल, मंडळी? वही उघडून चूक दुरुस्त केली? छे! मी मुलाला म्हणालो, "पण डेन्मार्क म्हणजे काय संघ! सर्वबाद ४९. अशांविरुद्ध कोणीही करील."

मुलगा काही बोलला नाही. दोन दिवसांनी दुसरं काहीतरी पाहायला मी वही काढली आणि पहिल्याच पानावर माझं पंचविशीच्या आतलं सुरेख अक्षर: वि. पूर्व आफ्रिका. केनिया, युगांडा, टांझानिया आणि झांबिया मिळून केलेला तो संघ. त्यात आपल्याकडून तिकडे गेलेल्या कुटुंबांतले कितीतरी खेळाडू. त्यांच्या साठ षटकांत आठ बाद १२८ झाल्या होत्या. टर्नरची ओळ लिहिताना "पूर्व आफ्रिका म्हणजे काय संघ!" असं मी म्हटलं नव्हतं. कपिलच्या ओळीत झिम्बाब्वे आहे, आणि तेव्हा झिम्बाब्वेला कसोटीचा दर्जाही नव्हता. तिथेही माझी काही हरकत नव्हती. हरकत एकदम बेलिंडा क्लार्कपाशीच सुचली.

आणखी एक गोष्ट त्या शोधात सापडली, ती जास्त लागली. त्याच दिवशी, १६ डिसेंबर १९९७ ला, इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्सने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ केल्या. दुसऱ्या दिवशी तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. आणि हा सामना झाला पुण्यात! मी तेव्हा साताऱ्यात. पुणं म्हणजे एसटीने अडीच-तीन तास. टर्नर आणि गावसकर सात समुद्रांपलीकडे एकाच दिवशी काय करत होते हे मी समासात लिहून ठेवतो, आणि मुंबई-पुण्याला एकाच दिवशी हे दोन डाव झाले त्याचा मला पत्ता नाही! तो मंगळवार होता. मी नेहमीसारखा शाळेत गेलो असणार. त्या दिवसांत आपला पुरुषांचा संघ शारजात खेळत होता, तेव्हा संध्याकाळी शिक्षक-खोलीत त्याचीच चर्चा झाली असणार. पेपरात महिलांच्या सामन्यांची दोन ओळींची बातमी आली असेलही. आली असली तरी मी ती ओलांडून पुढे गेलो असणार, हे मला माझ्या स्वभावावरून खात्रीने सांगता येतं.

होल्डिंगच्या बारा धावा लक्षात ठेवणारा माणूस म्हणून मी स्वतःवर फार खूश असे. २०२३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर मॅक्सवेलने पायात गोळे येत असताना एका जागी उभं राहून अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ केल्या, तेव्हाही मी पहिल्यांदा समासात लिहिलं, "कमिन्स, ६८ चेंडू, नाबाद १२." होल्डिंगही बारा, कमिन्सही बारा. केवढं कौतुक वाटलं मला माझ्या नजरेचं! बारा धावा दिसणाऱ्या या नजरेला दोनशे एकोणतीस दिसल्या नव्हत्या.

चूक २०१८ मध्ये कळली, पण त्या मुलीला कळवायला मला आणखी सात वर्षं लागली. कारणं भरपूर होती. नाव आठवत नाही, पत्ता नाही, इतकी वर्षं झाली, तिच्या लक्षातही नसेल. खरं कारण एकच. मास्तरांना "माझं चुकलं" म्हणायची सवय नसते.

मग गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, महिलांचा विश्वचषक आपल्याकडे झाला. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना. ३३९ धावा करायच्या होत्या. आमची नात सुट्टीला आली होती, तिच्याबरोबर बघत बसलो. जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या आणि आपण जिंकलो. नंतर ती मैदानात रडत होती आणि आमची नात सोफ्यावर. २ नोव्हेंबरला अंतिम सामनाही जिंकला. नात म्हणाली, "आबा, तुमच्या वहीत लिहा ना." मी वही आणली. तिने पानं उलटली. मग विचारलं, "आबा, यात मुलींचं पान कुठंय?"

दुसऱ्या दिवशी मी फोन करायला सुरुवात केली. त्या शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्या बॅचच्या ग्रुपवर विचारलं आणि तीन दिवसांत नंबर मिळाला. ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते, तिला एक लहान मुलगा आहे. मी फोन केला. नाव सांगितलं, ओळख पटली, "सर, तुम्ही? बरे आहात ना?" वगैरे झालं. मग मी एका दमात म्हणालो, "बाळ, तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकीचं ठरवलं."

पलीकडे क्षणभर शांतता.

"कुठलं, सर? बेलिंडा क्लार्क?" आणि ती हसली. "मला माहीत होतं की सर. तेव्हाही माहीत होतं."

इतकी वर्षं मी मनाशी समजत होतो की तिला सत्य सांगायचं राहिलं आहे. सत्य तिच्याकडे पहिल्यापासून होतं. ते कळायचं राहिलं होतं मला.

मी विचारलं, "ती वही आहे का गं अजून?" म्हणाली, "नाही हो सर. त्यानंतर पुढं लिहिलीच नाही मी. दहावीचं वर्षही आलं म्हणा." दहावीचं कारण तिने मला बरं वाटावं म्हणून जोडलं, हे मास्तराला कळतं. "मामा कसे आहेत?" विचारलं. ठीक आहेत म्हणाली, निवृत्त झाले आहेत, बोरिवलीला असतात. तेव्हा बांद्र्याला नोकरीला होते, जेवणाच्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि परत ऑफिसात जायला उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, ही गोष्ट ते भाचीला दर दिवाळीला सांगत. "सर, मला हरल्याचं एवढं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "मामांना तुम्ही खोटं ठरवलंत असं वाटलं होतं."

मी "हो बाळ" एवढंच म्हणू शकलो. मग तिचा मुलगा उठला आणि फोन ठेवावा लागला.

ढाल बदलता येणार नाही. त्या वर्षीच्या गटाची नावं कोरलेली ती कुठल्यातरी कपाटात असेल. पण वही माझी आहे. सईद अन्वर आणि कोव्हेन्ट्री यांच्या ओळींमध्ये जागा नव्हती म्हणून एक कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं: बेलिंडा क्लार्क, ऑस्ट्रेलिया, नाबाद २२९, वि. डेन्मार्क, मुंबई, १६ डिसेंबर १९९७. समासात शार्लट एडवर्ड्स, पुणे. ग्वाल्हेरच्या ओळीखाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य खोडलं नाही, नियमच आहे तसा. "क्रिकेटमधील"च्या आधी काकपद देऊन वर "पुरुषांच्या" हा शब्द घातला. सचिनच्या दोनशे धावा त्याने एकनेही कमी झाल्या नाहीत. पुढे नातीने स्वतःच्या अक्षरात नवं पान सुरू केलं आहे. अमेलिया कर नाबाद २३२. दीप्ती शर्मा १८८, २०१७, आणि तिच्या समासात पूनम राऊत १०९, कारण दोघींनी मिळून पहिल्या गड्यासाठी ३२० धावा केल्या होत्या. हरमनप्रीत कौर नाबाद १७१, डर्बी, २०१७. जेमिमाही आहे. तिचा विक्रम नव्हता, पण नात ऐकेना.

सिडनीच्या मैदानाबाहेर २०२३ च्या जानेवारीत बेलिंडा क्लार्कचा पुतळा बसवला, असं वाचलं. बांद्र्याच्या त्या मैदानावर एखादी पाटी आहे का, ते पुढच्या महिन्यात मुंबईला गेलो की पाहून येणार आहे. मामांचा फोन नंबर मिळाला आहे. ते येतो म्हणाले आहेत. ते नेमके कुठे उभे होते ते दाखवणार आहेत, आणि या वेळी मी वही-पेन घेऊन जाणार आहे.

असो. लेख लांबला. आकड्यांत कुठे चूक सापडली तर जरूर कळवा, दुरुस्त करीन. आता सवय लागली आहे.